एक नाव, तीन मुले

आमचे अर्धे आयुष्य याद्या करण्यात गेले म्हटले तरी चालेल. नोकरी कारकुनाची, शिक्षण बी.कॉम., आणि उरलेला वेळ समाजकार्याला. घरकुलाची यादी, शिष्यवृत्तीची यादी, दारिद्र्यरेषेची यादी, मतदारयादी. कोणाचे नाव राहिले की माणसे आमच्या दारात येतात आणि आम्ही ग्रामपंचायतीपासून पंचायत समितीपर्यंत उंबरठे झिजवतो. "यादीत नाव नाही" हे शब्द कानावर पडले की आमची कपाळाची शीर उठते. अशा आमच्याच हातून एक यादी झाली आणि त्या यादीने वस्तीतल्या एका पोरीचे नाव गिळले. तीच गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट संगणकाची आहे, पण ज्यांच्या घरात संगणक नाही त्यांनीही ती वाचावी. किंबहुना त्यांनीच आधी वाचावी.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे आमचे कशेळे. आसपासच्या गावांतून, ठाकूर-कातकरी वाड्यांवरून आणि आपल्या वस्तीतून मुले इकडे शाळेला येतात. आमची धाकटी परिसरातल्याच एका शाळेत नववीला आहे. पालक म्हणून आम्ही तिथल्या समितीवर आहोत. मुंबईच्या एका दात्याने शाळेला दहा जुने संगणक दिले आणि त्यासोबत लेखनाचे व चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर वर्षभरासाठी घेऊन दिले. संगणक कक्ष उघडला, दारावर तोरण लागले, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी आम्हाला बोलावले.

"तुम्ही कारकून माणूस, हिशेबाचे पक्के. दात्याने वीस परवाने दिलेत. वीस मुलांची नावे टाकून खाती उघडायची आहेत. तेवढी यादी करून द्या."

नववीत मुले साठ. संगणक दहा. परवाने वीस. आम्ही गुणपत्रके घेतली, पहिले वीस क्रमांक काढले आणि स्वच्छ अक्षरात यादी केली. गुणवत्तेवर यादी म्हणजे न्यायाची यादी, अशी आमची समजूत. आमच्या धाकटीचे नाव त्यात सोळावे आले. आम्ही काही लबाडी केली नव्हती. पण आज मागे वळून पाहताना वाटते, ज्याच्या हाती यादी असते त्याच्या घरचे नाव बहुधा यादीत सापडतेच. मग ती घरकुलाची असो की संगणकाची. ज्या घरात शिकवणी आहे, रात्री अभ्यासाला दिवा आहे आणि बाप वही तपासतो, त्या घरची पोर विसात येते. जिची आई सकाळी सातला फार्महाऊसवर भांडी घासायला जाते आणि धाकट्या भावाला सांभाळून जी शाळेत येते, ती एकविसावी किंवा एकेचाळिसावी येते.

उरलेल्या चाळीस मुलांचे काय, असा प्रश्न संगणकाच्या बाईंनी विचारला. आमची कारकुनी अक्कल लगेच धावली. आम्ही म्हणालो, "बाई, सोपे आहे. एका नावावर तिघांना बसवा. वीस त्रिक साठ." नोंदवहीत तसा तक्ताच आखला आणि वर मथळा दिला : एक नाव, तीन मुले. वीसही खात्यांचे पासवर्ड त्याच वहीत लिहिले, म्हणजे कोणी विसरायला नको. घरी येऊन सौ.ला हे मोठ्या कौतुकाने सांगितले.

सौ. तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "अहो, मग तिघांतल्या दोघांनी केलेलं काम कोणाच्या नावावर जाणार?"

आम्ही हसून सोडून दिले.

काही महिने बरे गेले. कुरबुरी होत्या, पण आम्ही त्या मनावर घेतल्या नाहीत. एका मुलाने लिहिलेला निबंध त्याच खात्यावर बसणाऱ्या दुसऱ्याने पुसून टाकला. मुद्दाम की चुकून, ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोघांचेही नाव एकच. एकदा तोंडी चाचणीच्या दिवशी एकच खाते तीन संगणकांवर उघडले गेले आणि संशय येऊन ते बंदच पडले. बाईंनी आम्हाला फोन केला. आम्ही म्हणालो, "होईल सुरळीत."

मग ३ जानेवारी आली. सावित्रीमाईंची जयंती. शाळेने भित्तिपत्रकाची स्पर्धा ठेवली होती. पत्रक संगणकावरच करायचे होते. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली, तो प्रसंग एका पत्रकात फार सुरेख मांडला होता. मराठी टंकलेखन निर्दोष, भोवती वारली पद्धतीची नक्षी, मध्ये पाटी हातात धरलेली मुलगी. त्या पत्रकाला पहिला क्रमांक मिळाला. संगणकातल्या फाईलच्या पोटात ती करणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जाते. बाईंनी तिथले नाव वाचून निकाल लावला आणि हेडसरांनी व्यासपीठावरून ते पुकारले. नाव आमच्या धाकटीचे होते.

आम्ही पहिल्या रांगेत होतो. इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारचे गृहस्थ आमच्याकडे पाहू लागले. पोर वर गेली, एक पुस्तक आणि पेन घेऊन खाली आली. तिचा चेहरा उतरलेला होता. आम्हाला वाटले, लाजली असेल.

रात्री ती जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून रडत होती. सौ.ने जवळ घेतल्यावर म्हणाली, "पप्पा, ते मी केलेलंच नाही. ते तिनं केलंय." आपल्याच वस्तीतली, चार घरे सोडून राहणारी, तिच्याच वर्गातली मुलगी. आमच्या तक्त्यात ती धाकटीच्या नावावर बसणाऱ्या तिघींपैकी तिसरी होती. "सरांनी माझं नाव घेतलं तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. मला बोलताच आलं नाही."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी आम्ही पुस्तक आणि पेन घेऊन तिच्या घरी गेलो. तिची आई कामावर निघायच्या घाईत होती. आम्ही घडले ते सांगितले आणि माफी मागितली. ती बाई क्षणभर गप्प राहिली. मग पदर खोचता खोचता म्हणाली, "दादा, घरकुलाच्या यादीत माझं नाव नव्हतं तेव्हा तुम्ही माझ्यासाठी भांडलात. आता तुमच्याच यादीत माझ्या पोरीचं नाव नाही. मग मी कोणाकडं जाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी आमच्या धाकटीने स्वतः उभे राहून खरे काय ते सांगितले. हेडसरांनी मोठ्या मनाने निकाल दुरुस्त केला. पण एका पोरीचा निकाल दुरुस्त झाला म्हणून साठ मुलांचा तक्ता दुरुस्त होत नाही. परवाना म्हणजे नेमके काय, हे न कळताच आपण यादी केली, हे आम्हाला उमजले. बी.कॉम.ला आम्ही करारनाम्याचा कायदा शिकलो होतो. पण हा करार आम्ही उघडूनही पाहिला नव्हता. आता तो वाचला, विक्रेत्याला फोन केले, इंजिनिअरिंगला असलेल्या वस्तीतल्या एका मुलाला बसवून समजून घेतले. जे कळले ते सोप्या भाषेत सांगतो.

सॉफ्टवेअर आपण विकत घेतो असे म्हणतो, पण बहुतेक वेळा आपण ते वापरण्याचा परवाना घेतो. हा परवाना मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला माणसाच्या नावाचा. कर्जतहून मुंबईला रोज जाणाऱ्यांचा रेल्वेचा पास जसा असतो तसा. पासवर ज्याचे नाव त्यानेच प्रवास करायचा. भावाने भावाचा पास वापरला तर तपासनीस दंड करतो, मग भाऊ कितीही गरजू असो. दुसरा यंत्राचा परवाना. हा वर्गातल्या बाकासारखा. बाक शाळेचा, सकाळी एक मुलगा बसेल, दुपारी दुसरा, बाकाला त्याचे काही नाही. तिसरा एकाच वेळी किती जण, असे मोजणारा. वाचनालयात एका पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर पाच जण घरी नेतात, सहावा थांबतो. कोणी परत केले की त्याला मिळते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही मोजणी एक मुख्य संगणक करतो.

आता पाहा, दहा संगणक आणि साठ मुले असलेल्या शाळेला बाकाचा परवाना हवा होता आणि आमच्या हाती पडले पास. ते पासही वीस. दात्याचा हेतू चांगला होता. पण कार्यालयात जिथे प्रत्येकाचे टेबल वेगळे आणि संगणक वेगळा, तिथे जे सोयीचे, तेच त्याने शाळेला दिले. एका नावावर तिघांना बसवून आम्ही काही युक्ती केली नव्हती. तो करारभंगच होता.

हा गोंधळ एकट्या कशेळ्याचा नाही. चित्रे आणि छपाईची कामे करण्याच्या सॉफ्टवेअरसाठी प्रसिद्ध असलेल्या अडोबी कंपनीने २०१३ पासून एकदा पैसे भरून कायमचे विकत घेण्याऐवजी वर्गणीचा मार्ग धरला. शाळा-कॉलेजांच्या सामाईक संगणकांसाठी तिने २०१९ मध्ये यंत्राशी जोडलेला वेगळा परवाना आणला. त्यात यंत्राचा परवाना शाळेचा, मात्र बसणाऱ्याने आपापल्या खात्याने आत जायचे. मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या ऑफिसमध्ये सामाईक संगणकासाठी एक सोय आहे. ती लावली की माणसाला किती यंत्रांवर बसता येईल ही मोजणी अडवत नाही. पण मेख अशी, की बसणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर परवाना लागतोच. यंत्रामागे परवाना असलेले ऑफिसही मिळते. ते वेगळे मागावे लागते. मागणारा जाणता नसेल तर विकणारा जे पुढे करतो तेच घ्यावे लागते.

या धावपळीत एक पोरगा आम्हाला म्हणाला, "काका, कशाला डोकं शिणवता? पेनड्राईव्हवर क्रॅक आणून देतो. सगळ्या मशिनवर टाका, फुकट." खोटे कशाला बोला, क्षणभर मोह झाला. पण कायदा पाहिला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून कैद माफ करू शकते, पण तरीही ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीसोबत व्हायरस येतात ते वेगळेच. आणि कायद्याच्या पलीकडे आणखी एक गोष्ट होती. आपल्या पोरांना पहिला धडा चोरीच्या पाटीवर गिरवायला लावायचा का? आमच्या मनाने नाही म्हटले.

मग मार्ग कोणता? मार्ग जुनाच होता, आम्हाला माहीत नव्हता. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा विचार असा, की सॉफ्टवेअर वापरायला, त्याची प्रत शेजाऱ्याला द्यायला, ते उघडून पाहायला आणि सुधारायला माणूस मोकळा असावा. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सची सुरुवात केली. २०१० पासून लिब्रेऑफिस आहे. त्यात पत्र, तक्ता, सादरीकरण सारे होते. चित्रांसाठी इंकस्केप आणि गिम्प आहेत. यांना नावांची मोजणी नाही. दहा यंत्रांवर टाका की हजार यंत्रांवर, साठ मुले बसवा की सहाशे, कायद्याने चालते. आपल्याच देशात केरळने २००१ मध्ये शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांत हाच मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला. आता काइट ही तिथली सरकारी कंपनी ते काम पाहते.

आमचे संगणकही जुने. त्यांतल्या आठांवर विंडोज ११ चालण्यासारखे नव्हते आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली होती. तेव्हा समितीत ठराव केला की या आठांवर लिनक्स घालावे. सगळे लगेच तयार झाले असे नाही. एका पालकाने रास्त प्रश्न विचारला : "नोकरीच्या परीक्षेत वर्ड विचारतात. आमच्या पोरांना फुकटातलं शिकवून मागं का ठेवता?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. आम्ही स्वतः २००३ मध्ये एमएस-सीआयटी केले तेव्हा एका संगणकावर तिघे बसत होतो आणि माऊस कायम तिसऱ्याच्या हातात असे. नोकरीला तो दाखला उपयोगी पडला हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून बऱ्या स्थितीतले दोन संगणक विंडोजवरच ठेवले आणि दात्याला पत्र लिहिले की पुढच्या वर्षी नावांची वर्गणी भरू नका, या दोन यंत्रांपुरते यंत्रामागचे ऑफिस घेऊन द्या. त्याने आनंदाने मान्य केले. त्याचा खर्चही कमी झाला. या दोन संगणकांवर मुले पाळीपाळीने वर्डचा सराव करतात.

वस्तीतल्या त्या इंजिनिअरिंगच्या मुलाने दोन रविवार खपून आठ यंत्रे तयार केली. आणि मग आम्ही नवी यादी केली. साठ मुले, साठ नावे. संगणकाच्या आत प्रत्येकाचे वेगळे खाते उघडायला कुणाला एक पैसाही द्यावा लागत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. चार यंत्रांवर आठ-आठ मुले, चार यंत्रांवर सात-सात. ज्याचे त्याचे यंत्र ठरलेले, म्हणजे फाईल शोधत फिरायला नको. दर शनिवारी बाई सगळ्यांच्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवतात, कारण आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. आधीच्या वीस खात्यांसाठी मुलांच्या जन्मतारखा आम्ही पालकांना न विचारताच भरल्या होत्या. २०२३ मध्ये झालेला व्यक्तिगत माहितीचा कायदा १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती मागतो. ती खाती आम्ही रीतसर बंद करून घेतली. पासवर्डची वही बाईंच्या समोर फाडली.

वाचकहो, आपल्या मुलांच्या शाळेत संगणक कक्ष असेल तर एकदा जा. संगणक चालवता येत नाही म्हणून संकोच करू नका. तीन गोष्टी विचारा. परवाना माणसाच्या नावाचा आहे की यंत्राचा? प्रत्येक मुलाचे वेगळे खाते आहे का? वर्गणी कधी संपते आणि संपल्यावर मुलांनी केलेले काम त्यांना मिळेल का? या तिन्हींची उत्तरे शाळेकडे एका नोंदवहीत लिहिलेली असावीत. नसतील तर वही आणून द्या. वीस-तीस रुपयांचे काम आहे.

आमच्या हातून चूक झाली ती पैशांअभावी झाली नाही. नाव ही वाटून घेण्याची वस्तू आहे असे आम्ही धरून चाललो, म्हणून झाली. बाक वाटून घेता येतो, संगणक वाटून घेता येतो, वेळ वाटून घेता येतो. नाव वाटून घेता येत नाही. ते ज्याचे त्याला द्यावे लागते. पोरीच्या आईने चार शब्दांत सांगितले ते समजायला आम्हाला करारनामा वाचावा लागला, आणि सौ.ला तर तांदूळ निवडतानाच कळले होते.

खाती उघडली त्या दिवशी आम्ही कक्षात होतो. ती मुलगी आपल्या यंत्रापुढे बसली. पडद्यावर तिचे पूर्ण नाव आले, आईने ठेवलेले, हजेरीपटात आहे तसेच. तिने ते दोनदा वाचले. मग एका हाताने कळफलक झाकून पासवर्ड टाकू लागली. आम्ही सवयीने वाकून विचारले, "काय ठेवलास गं? लिहून ठेवू का कुठे?"

ती कळफलकावरचा हात न काढता म्हणाली, "सांगायचा नसतो, काका. तुम्हीच तर फळ्यावर लिहिलंय."